उदार कोण आणि मुक्त कोण? : अभिजात उदारमतवादाच्या उगमाविषयी

१

‘उदारमतवाद’ हा शब्द आपल्याकडे फार सैलपणे वापरला जातो. दलिताच्या घरी चहा घेणारा उदारमतवादी, सभेत विरोधकाचे बोलणे शांतपणे ऐकून घेणारा उदारमतवादी, आणि सरकारने उद्योगधंद्यांतून अंग काढून घ्यावे, राखीव जागा बंद कराव्यात, बाजार मोकळा सोडावा असे म्हणणाराही उदारमतवादीच. यांपैकी शेवटच्या मंडळींनी आपल्या मताला ‘अभिजात’ हे विशेषण लावून घेतले आहे. १९९१ च्या आर्थिक धोरणानंतर त्यांचा आवाज चढला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : खरा उदारमतवाद म्हणजे १७ व्या आणि १८ व्या शतकांतील इंग्लंडचा उदारमतवाद. व्यक्ती, तिची मालमत्ता आणि तिचे करारस्वातंत्र्य ही त्याची सूत्रे. राज्यसंस्थेने रात्रीच्या पहारेकऱ्याचे काम करावे आणि बाकी कशातही ढवळाढवळ करू नये. पुढे जे आले, म्हणजे सक्तीचे शिक्षण, कामगार कायदे, राखीव जागा, ते सगळे या शुद्ध तत्त्वात झालेली भेसळ होय.

आपल्या अभ्यासमंडळांत येणारे विद्यार्थी महाविद्यालयातून हा युक्तिवाद ऐकून येतात. आरक्षण हे व्यक्तिस्वातंत्र्याच्या तत्त्वाविरुद्ध आहे, असे त्यांना सांगितलेले असते. त्यावर काही जण गप्प बसतात. काही जण ‘उदारमतवाद हे भांडवलदारांचे तत्त्वज्ञान आहे’ असे म्हणून एका वाक्यात विषय संपवतात. मला ही दोन्ही उत्तरे अपुरी वाटतात. गप्प बसणे म्हणजे प्रतिपक्षाने सांगितलेला इतिहास मान्य करणे. आणि सगळाच उदारमतवाद फेकून द्यायचा, तर महात्मा फुल्यांनी थॉमस पेनकडून जे घेतले आणि बाबासाहेबांनी संविधानात ‘व्यक्ती’ला जे स्थान दिले, तेही फेकावे लागेल. म्हणून या तत्त्वज्ञानाच्या उगमापर्यंत जाऊन पाहणे आवश्यक आहे. तेथे काय दिसते हे सांगणे एवढाच या लेखाचा हेतू आहे.

२

शब्दापासूनच सुरुवात करू. मराठीत ‘उदार’ म्हणजे देणारा. देणारा म्हटला की घेणारा आला; एकाचा हात वर, दुसऱ्याचा खाली. ‘अभिजात’ म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. दोन्ही शब्द एकत्र केले की ‘कुलवंतांचा दानशूरपणा’ असाच अर्थ कानावर पडतो. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात तो अर्थ नसेलही. पण ज्या समाजात शब्द रुजतो त्या समाजाची उतरंड त्याला चिकटतेच. आपल्याकडील कितीतरी सुधारकांचे औदार्य याच जातीचे होते. अस्पृश्यांना ‘जवळ घ्यावे’, त्यांना ‘वर काढावे’ ही त्यांची भाषा होती. हक्क ही देण्याची वस्तू नव्हे, हे त्या भाषेला उमगलेच नाही.

मूळ लॅटिन शब्द मात्र वेगळ्याच गोष्टीविषयी बोलतो. ‘लिबेर’ म्हणजे मुक्त. जो कोणाचा गुलाम नाही तो. मुक्त माणसाला शोभणाऱ्या विद्या त्या ‘लिबरल’ विद्या, आणि हाताने राबण्याची कामे गुलामांची. युरोपीय भाषांतही पुढे या शब्दाला दानशूर असा अर्थ आला, कारण हात सैल सोडणे हे मुक्त, सधन माणसालाच परवडणारे होते. पण मूळ अर्थ समाजातील स्थान सांगणारा आहे, आणि त्याच्या समोर गुलाम उभा आहे. गुलाम नसता तर ‘मुक्त’ हा शब्द घडवण्याची गरजच पडली नसती.

१२१५ च्या इंग्लंडमधील मॅग्ना कार्टाचे उदाहरण नेहमी दिले जाते. ‘मुक्त माणसा’ला कायद्याच्या निवाड्यावाचून कैद करता येणार नाही, असे त्यात राजाकडून कबूल करून घेतले होते. पण त्या काळी जमीनदाराच्या शेतावर बांधलेली भूदास कुळे ‘मुक्त माणसां’त मोडत नव्हती, आणि इंग्लंडच्या ग्रामीण लोकसंख्येचा मोठा भाग अशाच कुळांचा होता.

‘लिबरल’ हे राजकीय पक्षाचे नाव झाले ते इंग्लंडमध्ये नव्हे, स्पेनमध्ये. नेपोलियनच्या स्वारीच्या काळात, १८१० पासून, कादिझ येथे संविधानसभा भरली. राजाच्या अनियंत्रित सत्तेला आणि धर्मन्यायालयाला विरोध करणारे तेथे ‘लिबेरालेस’ म्हणवू लागले, आणि आपल्या विरोधकांना त्यांनी नाव दिले ‘सर्विलेस’, म्हणजे गुलामवृत्तीचे. नाव फार नेमके होते. पण याच मुक्तवाद्यांनी १८१२ मध्ये जे संविधान केले त्याचे २२ वे कलम पाहावे. ज्यांच्या वंशात कोणत्याही बाजूने आफ्रिकी रक्त आहे असे मानले जाई, त्यांना इतरांबरोबर आपोआप नागरिकत्व नव्हते. त्यांच्यासाठी सद्गुण आणि गुणवत्ता यांचे दार तेवढे उघडे ठेवले होते. त्यांनी आधी आपली लायकी सिद्ध करावी, मग नागरिक व्हावे! बाकीच्यांना मात्र लायकीचा दाखला मागितलेला नव्हता. ‘गुणवत्ता’ हा शब्द दारावर पहारेकरी म्हणून कसा उभा केला जातो, हे आपल्याला नव्याने शिकायला नको.

३

उदारमतवादाचा मुख्य झगडा मात्र इंग्लंडमध्येच झाला, आणि तो पुस्तकात होण्याआधी सैन्यात झाला. १६४७ च्या ऑक्टोबरात, यादवी युद्धात राजाचा पराभव केल्यावर, संसदेच्या सैन्याचे अधिकारी आणि सामान्य शिपायांचे प्रतिनिधी लंडनजवळच्या पटनी गावच्या चर्चमध्ये चर्चेला बसले. प्रश्न होता मतदानाचा. ग्रामीण मतदारसंघांत वर्षाला ४० शिलिंग उत्पन्नाची स्वतःच्या मालकीची जमीन असेल त्यालाच मत, हा नियम १४३० पासून चालत आला होता. कर्नल थॉमस रेनबरो याचे म्हणणे सरळ होते : ज्या सरकारात ज्याचा आवाज नाही, त्या सरकारचे बंधन त्याच्यावर नाही, इंग्लंडमधल्या अत्यंत गरीब माणसालाही इतरांसारखेच जगायचे असते. क्रॉमवेलचा जावई हेन्री आयर्टन याने त्याला विरोध केला. ज्याची या भूमीत कायमची मालमत्ता आहे त्यालाच राज्यकारभारात मत असावे, असे त्याचे म्हणणे. जन्मसिद्ध हक्क म्हणून भूमिहीनाला आज मत दिले, तर उद्या त्याच हक्काने तो जमीनही मागेल, ही त्याची खरी भीती होती.

मला हा वाद फार महत्त्वाचा वाटतो. उदारमतवादाचा उगम एका प्रवाहाचा नाही, दोन प्रवाहांचा आहे, हे येथे उघड दिसते. एकाच्या मते स्वातंत्र्य म्हणजे मालकी. दुसऱ्याच्या मते स्वातंत्र्य म्हणजे कोणाचेही दास नसणे. दोघेही राजाविरुद्ध लढले होते, दोघेही ‘जन्मसिद्ध हक्क’ हीच भाषा बोलत होते. दुसरा प्रवाहही निर्मळ नव्हता. रेनबरोच्या बाजूचे काही लोक चर्चेत नोकर आणि भिक्षेवर जगणारे यांना वगळायला तयार झाले, आणि स्त्रियांचा प्रश्न तर निघालाच नाही. अखेर जिंकला तो आयर्टनचा पक्ष. इंग्लंडमध्ये सर्व प्रौढ पुरुषांना मत मिळायला १९१८ साल उजाडले आणि सर्व प्रौढ स्त्रियांना १९२८.

या जिंकलेल्या पक्षाला तत्त्वज्ञान दिले ते जॉन लॉकने. १६८८ च्या क्रांतीनंतर त्याचे शासनविषयक दोन निबंध निनावी प्रसिद्ध झाले. पहिला निबंध आज फारसा कोणी वाचत नाही. आपण मात्र तो वाचावा. रॉबर्ट फिल्मर नावाच्या राजनिष्ठ लेखकाने असे मांडले होते की, देवाने पहिला पुरुष आदम याला सत्ता दिली, ती बापाकडून मुलाकडे वारशाने येत राजापर्यंत आली. म्हणून माणूस जन्मतःच कोणाचा तरी अंकित असतो. लॉकने या कथेची चिरफाड केली. आदमला सत्ता दिली याला पुरावा काय? दिली असली तरी त्याचा आजचा वारस कोण, हे कसे ठरवणार? ग्रंथात सांगितलेल्या जन्मकथेवरून आजची सत्ता सिद्ध होत नाही, हे त्याने दाखवून दिले. ज्यांनी ‘गुलामगिरी’ वाचले आहे त्यांना ही पद्धत ओळखीची वाटेल. ब्रह्मदेवाच्या चार अवयवांतून चार वर्ण जन्मले या कथेची जोतीरावांनी अशीच उलटतपासणी घेतली. जन्मावरून ठरणाऱ्या सत्तेला नकार हा उदारमतवादाचा गाभा आहे. तो आपलाही आहे.

दुसऱ्या निबंधात लॉकने आपले प्रसिद्ध सूत्र मांडले : प्रत्येक माणूस स्वतःच्या देहाचा मालक आहे, म्हणून त्याच्या हातांचे श्रमही त्याचेच, ज्या वस्तूत तो आपले श्रम मिसळतो ती वस्तू त्याची होते. वाचताना वाटते, हा तर कष्टकऱ्याचाच जाहीरनामा! पण लगेच तो उदाहरण देतो. माझ्या घोड्याने खाल्लेले गवत, माझ्या नोकराने कापलेली माती आणि मी खणलेले खनिज हे सर्व माझे. घोडा, नोकर आणि मी! नोकराने घाम गाळला, पण वस्तू मालकाची झाली; कारण नोकराने आपले श्रम पगारावर विकलेले आहेत. ‘तू स्वतःचा मालक आहेस’ याचा अर्थ ‘तू स्वतःला विकू शकतोस’ असा होतो, तो येथे. मॅकफर्सन या कॅनडातील विचारवंताने १९६२ मध्ये या विचाराचे सविस्तर विश्लेषण केले आणि त्याला मालकीप्रधान व्यक्तिवाद म्हटले. ते नाव मला योग्य वाटते.

आणि ज्याला विकण्याचाही अधिकार नाही, त्याचे काय? लॉक आपला पहिला निबंध गुलामगिरीच्या धिक्काराने सुरू करतो. गुलामगिरी इतकी नीच गोष्ट आहे की कोणी इंग्रज सभ्य गृहस्थ तिची तरफदारी करील हे समजणेच कठीण, असे तो म्हणतो. हाच लॉक अमेरिकेतील कॅरोलायना वसाहतीच्या मालकांचा सचिव होता. त्या वसाहतीच्या १६६९ च्या मूलभूत संविधानाच्या मसुद्यात त्याचा हात होता. त्यातले प्रत्येक कलम त्याने लिहिले असे कोणी म्हणत नाही, पण ते त्याला ठाऊक होते. प्रत्येक मुक्त पुरुषाला आपल्या काळ्या गुलामावर पूर्ण सत्ता राहील, असे त्यात होते. गुलामाने ख्रिस्ती चर्चमध्ये प्रवेश केला तरी मालकाची त्याच्यावरची सत्ता कमी होणार नाही, असेही होते. शिवाय गुलामांचा व्यापार करणाऱ्या रॉयल आफ्रिकन कंपनीत लॉकने पैसे गुंतवले होते. ज्या गुलामगिरीचा त्याने धिक्कार केला, ती राजाने इंग्रजांवर लादलेली गुलामगिरी होती. इंग्रजांनी इतरांवर लादलेली त्याच्या वाक्यात येत नव्हती. सूत्र सार्वत्रिक, पण ‘माणूस’ या शब्दाची वेस ठरलेली. आपल्या गावांची रचना ज्यांनी पाहिली आहे, त्यांना ही वेस समजावून सांगावी लागत नाही.

४

अॅडम स्मिथचा ‘राष्ट्रांची संपत्ती’ हा ग्रंथ १७७६ चा. बाजारवादी मंडळींचा हा वेद. पण वेदाप्रमाणेच त्याचेही नाव घेणारे पुष्कळ आणि वाचणारे थोडे. स्मिथ म्हणतो, तत्त्वज्ञ आणि रस्त्यावरचा हमाल यांच्यातला फरक जन्माचा नसतो. तो बहुतांशी सवयीने, रूढीने आणि शिक्षणाने पडतो. कारखान्यांचे मालक मजुरी वाढू न देण्यासाठी नेहमीच मूकपणे एकत्र असतात, हे त्याने लिहिले आहे. मालमत्तेच्या रक्षणासाठी उभे राहिलेले शासन हे वस्तुतः गरिबांपासून श्रीमंतांचे रक्षण करण्यासाठी असते, हेही त्यानेच लिहिले आहे. सामान्यांच्या मुलांच्या शिक्षणासाठी सरकारने खर्च करावा, असे त्याचे मत होते. ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारावर त्याने सडकून टीका केली. पहारेकरी राज्यसंस्थेच्या भक्तांनी ही पाने चिकटवून ठेवलेली दिसतात.

याच ग्रंथात एक वाक्य असे आहे की, त्याने आपण थबकून जावे. एखाद्या धंद्यातली मजुरी पिढ्यान्‌पिढ्या तिच्या स्वाभाविक पातळीच्या खाली दाबून ठेवता येईल काय, या प्रश्नाचा विचार करताना स्मिथ म्हणतो की, त्यासाठी हिंदुस्थान किंवा प्राचीन इजिप्त यांच्यासारखी जबरदस्तीची व्यवस्था लागेल. तेथे प्रत्येकाने बापाचाच धंदा करावा असे धर्माचे बंधन आहे आणि तो सोडणे महापाप मानले जाते. १७७६ च्या या ग्रंथात त्याने जातिव्यवस्थेचा आर्थिक अर्थ एका वाक्यात पकडला होता. जात म्हणजे मजुरी पिढ्यान्‌पिढ्या पाडून ठेवण्याचे यंत्र! १९३६ मध्ये बाबासाहेबांनी जातिनिर्मूलनाच्या निबंधात दाखवले की जात ही श्रमाची नव्हे तर श्रमिकांची विभागणी आहे, आणि धंदा बदलू न देऊन ती बेकारी निर्माण करते. स्मिथच्या त्या एका वाक्यात जी दिशा होती, तिचा शेवट तेथे झाला. आजचे बाजारवादी स्मिथचे नाव घेतात. पण माणसाला बापाच्या धंद्यातून बाहेर पडू न देणारी व्यवस्था शिल्लक असताना बाजार मुक्त कसा, हा स्मिथचाच प्रश्न ते विचारीत नाहीत.

उदारमतवादाच्या दुसऱ्या प्रवाहाचा खरा वारस थॉमस पेन. कंबरपट्ट्यांच्या चोळ्या शिवणाऱ्या कारागिराचा हा मुलगा. स्वतःही तेच काम शिकलेला. त्याचे ‘मानवाचे हक्क’ हे पुस्तक १७९१ आणि १७९२ साली दोन भागांत आले. दुसऱ्या भागात त्याने वाढत्या उत्पन्नावर वाढता कर, म्हाताऱ्यांना निर्वाहवेतन, गरिबांच्या मुलांना शिक्षणासाठी पैसा अशी योजना आकड्यांनिशी मांडली. हे भीक म्हणून नव्हे, हक्क म्हणून, असे त्याने बजावले. १७९७ च्या ‘भूमिन्याय’ या पुस्तिकेत तो आणखी पुढे गेला. भूमी मुळात सर्वांची. ती खाजगी झाल्यामुळे ज्यांचा वारसा गेला त्यांना भरपाई म्हणून जमीनमालकांच्या वारशावर कर बसवून प्रत्येकाला २१ व्या वर्षी १५ पौंड आणि पन्नाशीनंतर दरसाल १० पौंड द्यावेत, असा त्याचा हिशेब. म्हणजे भरपाईचा, आजच्या भाषेत सामाजिक न्यायाचा, विचार उदारमतवादात मागाहून घुसलेला नाही. तो १८ व्या शतकातलाच आहे, आणि तेवढाच ‘अभिजात’ आहे. फक्त तो चोळ्या शिवणाऱ्याच्या मुलाने मांडला. इंग्लंडच्या उदार राज्यसंस्थेने १७९२ मध्ये त्याच्यावर राजद्रोहाचा खटला भरून त्याच्या गैरहजेरीत त्याला दोषी ठरवले. त्याच साली मेरी वुलस्टनक्राफ्टने हे हक्क स्त्रियांचे का नाहीत, असे विचारणारा आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. तिलाही कोणी ‘अभिजात’ म्हणून मिरवत नाही.

भरपाई कोणाला द्यायची, याचा निकाल १८३३ साली लागला. ब्रिटिश संसदेने वसाहतींतील गुलामगिरी बंद केली आणि २ कोटी पौंड भरपाई मंजूर केली. ती गुलामांच्या मालकांना! पिढ्यान्‌पिढ्या राबलेल्या गुलामांना एक पैही नाही. उलट त्यांना ‘उमेदवार’ म्हणवून त्याच मालकांकडे आणखी काही वर्षे राबावे लागले. ती पद्धत १८३८ मध्ये संपली. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाची शेवटची फेड ब्रिटिश सरकारने २०१५ साली केली. मालमत्ता पवित्र मानली, तर ती मालमत्ता म्हणजे हाडामांसाचा माणूस असला तरी मालकाचे नुकसान भरून द्यावे लागते. आयर्टनचे तर्कशास्त्र शेवटी येथवर आले. ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यातील प्रदेश या कायद्यातून वगळला होता. येथील न्यायालयांनी गुलामगिरी मानू नये हा कायदा १८४३ चा.

‘अभिजात’ हे विशेषण तर फार उशिराचे. १९ व्या शतकाच्या अखेरीस ग्रीन, त्यानंतर हॉबहाउस यांच्यासारखे इंग्रज उदारमतवादीच म्हणू लागले की, उपाशी माणसाचे करारस्वातंत्र्य हे स्वातंत्र्य नव्हे. राज्यसंस्थेने आडव्या येणाऱ्या अडचणी दूर केल्या पाहिजेत. या नव्या उदारमतवादापासून जुन्याला वेगळे करण्यासाठी ‘अभिजात’ हा शब्द वापरात आला. म्हणजे हे विशेषण मूळ घराण्याचा पुरावा नाही. एका वाटणीत एका भावाने लावून घेतलेली ती पाटी आहे.

५

आता जॉन स्टुअर्ट मिल. त्याचा ‘स्वातंत्र्याविषयी’ हा ग्रंथ १८५९ चा. मिलने अशी एक गोष्ट पाहिली जी लॉकने पाहिली नव्हती. जुलूम फक्त राजा करीत नाही, समाजही करतो; आणि समाजाचा जुलूम राजापेक्षा खोल जातो, कारण तो रोजच्या जगण्यात शिरतो आणि मनालाच गुलाम करतो. रूढीच्या या हुकूमशाहीचे वर्णन अस्पृश्याइतके दुसऱ्या कोणाला पटेल? पण त्याच ग्रंथाच्या प्रस्तावनेत तो सांगतो की, हे तत्त्व मागासलेल्या समाजांना लागू नाही. त्यांच्या सुधारणेसाठी हुकूमशाहीच योग्य. मिल १८२३ पासून १८५८ पर्यंत ईस्ट इंडिया कंपनीच्या लंडन कचेरीत नोकरीस होता, हे येथे लक्षात ठेवावे. त्याने स्त्रियांच्या मताधिकाराची बाजू घेतली, अमेरिकेतील गुलामगिरीला कडाडून विरोध केला. पण १८६१ च्या ग्रंथात शिकलेल्यांना एकाहून अधिक मते असावीत आणि सरकारी मदतीवर जगणाऱ्याला मत नसावे, असेही लिहिले. येथेही दारावर पहारेकरी आहेच.

या तत्त्वज्ञानाची आपल्या भूमीवर परीक्षा झाली ती १८५६ मध्ये. तेव्हा धारवाड मुंबई इलाख्यात होते. तेथील एका महार मुलाने सरकारी शाळेत प्रवेश मिळावा म्हणून सरकारकडे अर्ज केला. मुंबई सरकारचे उत्तर बाबासाहेबांनी १९२८ साली सायमन कमिशनपुढे ठेवलेल्या निवेदनात नोंदवले आहे. सरकारने कबूल केले की तात्त्विक न्याय या मुलाच्या बाजूने आहे. पण पिढ्यान्‌पिढ्यांचे पूर्वग्रह एकदम मोडता येत नाहीत. या एकट्या मुलासाठी शाळा बहुसंख्यांना निरुपयोगी करणे बरोबर होणार नाही. १८५८ मध्ये लंडनहून कंपनीच्या संचालकांनी सरकारी शाळा सर्व वर्गांना खुल्या असल्याचे तत्त्व कळवले. तत्त्व कागदावर राहिले आणि शाळेच्या दारात रूढी उभी राहिली.

हे उत्तर नीट वाचावे. यात त्या मुलाविषयी एकही वाईट शब्द नाही. सरकारने त्याला मारले नाही, कैद केले नाही, त्याची मालमत्ता हिसकावली नाही. सरकारने फक्त ढवळाढवळ केली नाही. अभिजात उदारमतवाद ज्याला स्वातंत्र्य म्हणतो तीच ही अवस्था : राज्यसंस्था दूर उभी. आणि त्या मुलासाठी या अंतराचा अर्थ होता बंद दार. व्यक्तीविरुद्ध राज्यसंस्था एवढेच चित्र डोळ्यांपुढे ठेवणाऱ्या तत्त्वज्ञानाला गाव दिसत नाही. ज्याचा छळ राजा करतो त्याला राजा दूर गेला की मोकळे वाटते. ज्याचा छळ शेजारी करतो, त्याला राजा दूर जाणे म्हणजे शेजाऱ्याच्या हाती सापडणे होय.

६

जोतीरावांनी पेनचे पुस्तक १८४७ च्या सुमारास वाचले. १८७३ मध्ये ‘गुलामगिरी’ त्यांनी अर्पण केले ते अमेरिकेत काळ्या गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या लोकांना. हे औपचारिक नव्हते. उदारमतवादाच्या दोन प्रवाहांपैकी आपला कोणता, हे त्यांनी अर्पणपत्रिकेतच सांगून टाकले. १८८२ मध्ये हंटर आयोगापुढे त्यांनी मागितले काय? राज्यसंस्थेने दूर राहावे, असे नव्हे. शेतकऱ्याच्या घामाचा पैसा वरिष्ठ वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो. तो त्याच्या मुलांच्या सक्तीच्या प्राथमिक शिक्षणावर करा, असे. धारवाडच्या उत्तराचा खरा प्रतिवाद तो हाच.

मालकीची भाषा आपल्याविरुद्ध कशी वापरली जाते, हे महाडने दाखवले. २० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचे पाणी घेतल्यावर त्याच डिसेंबरात स्पृश्यांनी दावा लावला. त्यात केवळ शास्त्र आणि रूढी नव्हती. हे तळे खाजगी मालमत्तेच्या स्वरूपाचे आहे, असेही म्हणणे होते. विटाळाला कायद्याच्या कोर्टात उभे राहण्यासाठी मालमत्तेचा अंगरखा हवा होता. १९३७ मध्ये मुंबई उच्च न्यायालयात तो उतरला. दहा वर्षे लागली.

बाबासाहेबांनी उदारमतवादाचे काय केले? त्यांनी त्यातली ‘व्यक्ती’ घेतली. ४ नोव्हेंबर १९४८ ला संविधानसभेत त्यांनी ठामपणे सांगितले की, या संविधानाचा घटक गाव नसून व्यक्ती आहे, आणि ते बरे झाले. लॉकच्या सूत्रातले जे टिकाऊ, ते येथे आहे. पण पहारेकरी त्यांनी नाकारला. १९४७ च्या ‘राज्ये आणि अल्पसंख्याक’ या निवेदनात त्यांनी अभिजात उदारमतवाद्यांना थेट प्रश्न केला : राज्यसंस्थेपासून मुक्ती म्हणता, ती कोणाला? जमीनदाराला खंड वाढवायला, भांडवलदाराला कामाचे तास वाढवायला आणि मजुरी कापायला. राज्यसंस्था मागे हटली की खाजगी मालकाची हुकूमशाही सुरू होते. आणि बेकार माणूस नोकरीसाठी आपले मूलभूत हक्क गहाण टाकतो. पटनीच्या चर्चमध्ये रेनबरोचा जो प्रश्न अर्धवट राहिला होता, त्याचे उत्तर ३०० वर्षांनी एका अस्पृश्याने लिहिले, असे मी म्हणतो.

संविधानात ते उत्तर संपूर्ण उतरले नाही. त्यांची राज्यसमाजवादाची मागणी बाहेर राहिली. पण १७ व्या कलमाने अस्पृश्यता नष्ट केली, आणि १५ व्या कलमाच्या दुसऱ्या भागात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी, तलाव, स्नानाचे घाट, रस्ते यांची नावे आली. मूलभूत हक्कांच्या प्रकरणात विहीर! युरोपातल्या कोणत्याही अभिजात ग्रंथाला हे सुचले नसते, कारण तेथील हक्क राज्यसंस्थेविरुद्ध होते. आपला हक्क शेजाऱ्याविरुद्धही असावा लागतो.

म्हणून अभ्यासमंडळातल्या विद्यार्थ्याला माझे सांगणे असे : ‘आरक्षण हे उदारमतवादाविरुद्ध आहे’ असे कोणी म्हणाले तर गप्प बसू नकोस, आणि ‘मग उदारमतवाद नकोच’ असेही म्हणू नकोस. कोणाचा उदारमतवाद, असे विचार. आयर्टनचा की रेनबरोचा? २ कोटी पौंड मालकांना देणाऱ्या संसदेचा, की वारसा गमावलेल्याला भरपाई द्या म्हणणाऱ्या पेनचा? हमाल आणि तत्त्वज्ञ जन्माने सारखे हे सांगणाऱ्या स्मिथचा, की ते पान चिकटवून टाकणाऱ्यांचा? जन्मावरून माणसाची किंमत ठरवायची नाही, हे तत्त्व त्यांच्याआधी आपण मागितलेले आहे. ते लागू करायचे तर जन्मामुळे ज्यांचे दार बंद झाले त्यांच्यासाठी कोणाला तरी दार उघडावे लागेल. आणि तेथे दूर उभा राहणारा पहारेकरी कामाचा नाही.

कुणाच्या औदार्याची आपल्याला गरज नाही. ‘उदारमतवाद’ हा शब्द बदलता आला तर मला आनंदच होईल. तोपर्यंत तो उच्चारताना त्याचा पहिला अर्थ डोळ्यांपुढे ठेवू : जो कोणाचा गुलाम नाही, तो.